पाचवा स्टार, पेन्सिलीनं

माणसाची पत्रिका, जमिनीचा सातबारा आणि घराचे स्टार या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय शहाण्या माणसाने कुणाच्या घरी पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावू नये, असं माझ्या ताईच्या सासऱ्यांचं मत आहे. यातली पहिली ते मानत नाहीत आणि दुसरी त्यांच्याजवळ नाही, त्यामुळे जन्माचा सगळा जोर त्यांनी तिसरीवर लावला आहे. घराचे स्टार म्हणजे काय, हे धामणगाव बढे आणि आसपासच्या खेड्यांत आता कुणाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. नवीन फ्रीज घेतला की त्याच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर अर्धगोलात पाच स्टार असतात, त्यातले काही रंगवलेले. रंगवलेले जितके जास्त, तितका तो फ्रीज वीज कमी खाणार. काकाजींचं (मी त्यांना काकाजी म्हणतो, सगळेच म्हणतात) म्हणणं एवढंच की फ्रीजला स्टार मिळतात, पंख्याला मिळतात, तर ज्या घरात तो पंखा मरेस्तोवर फिरतो त्या घरानेच काय घोडं मारलं आहे? म्हणून ते घरांना स्टार देतात. कुणी बोलावलं तर देतात, नाही बोलावलं तरी देतात.

त्यांची सगळी नोकरी विजेचे मीटर वाचण्यात गेली. दारोदार फिरताना त्यांना एक गोष्ट खटकायची. दोन सख्खे भाऊ शेजारी शेजारी राहतात, माणसं तेवढीच, पंखे तेवढेच, आणि एकाचं मीटर बैलगाडीसारखं चालतं तर दुसऱ्याचं एसटीसारखं पळतं. लोक मीटरवर संशय घेत. काकाजींनी भिंतीवर घेतला. एका भावाच्या पश्चिमेला निंबाचं झाड होतं आणि दुसऱ्याने ते अंगण मोठं दिसावं म्हणून तोडलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथून पुढे त्यांचं चित्त मीटरवरून जे उडालं ते उडालंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पिशवी शिवून घेतली. तिच्यात कोंबड्यांच्या शेडमधून मागून आणलेला तापमापक, अगरबत्तीचा पुडा, एक मेणबत्ती, दोरी आणि दोनशे पानी वही. अगरबत्ती पेटवून ते खोलीच्या मधोमध उभे राहतात आणि धूर कुठून कुठे जातो ते पाहतात. धूर सरळ वर गेला तर हवा मेली आहे. मेणबत्ती खिडकीत उभी करतात. दुपारभरात तिने मान टाकली तर घराला शून्य. पण त्यांचा खरा विश्वास डाव्या गालावर आहे. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी चार वाजता ते गाल लावून उभे राहतात, डोळे मिटून, एखाद्या आजाऱ्याच्या छातीशी कान लावावा तसे. इतक्या वर्षांचे चटके खाऊन त्यांचा डावा गाल उजव्यापेक्षा दोन छटा काळा झाला आहे.

आमची त्यांची पहिली भेट झाली ती ताईला पाहायला आले तेव्हा. पिंपळगाव राजाला आमचं घर टिनाचं, दिवस वैशाखाचे. पाहुणे सतरंजीवर बसले, नवरदेव रुमालाने मान पुसत होते, पोहे पुढे आले, आणि मुलाचे वडीलच जागेवर नाहीत. माझे मामा शोधायला गेले तर हे घरामागे भिंतीला गाल लावून, डोळे मिटून उभे. मामांना वाटलं, पाहुण्यांना ऊन लागलं. धावत येऊन त्यांनी कांदा फोडला आणि काकाजींच्या नाकाला लावला. काकाजींनी डोळे उघडले, कांदा हातात घेतला, त्याची अर्धी फोड खिशात ठेवली आणि "कामाची चीज आहे" म्हणून आत येऊन बसले. मग ताईला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे सगळं सोडून त्यांनी विचारलं, "पोरी, दुपारी चार वाजता तुमी लोक ह्या घरात कुठं बसता?"

ताई खालमानेने म्हणाली, "घरात नाई बसत. मांगच्या निंबाखाली बसतो. अन् माय चूल सकाळीच उरकून घेते, म्हंजे घर अजून तापत नाई."

"टिनावर काई टाकता?"

"तुराट्या टाकतो. त्यावर ओलं गोणपाट."

काकाजी मामांकडे वळून शांतपणे म्हणाले, "पोरगी पास आहे. घर नापास आहे. पण आमाले घर न्यायचं नाई." लग्न ठरलं ते असं.

मी नववीतून शाळा सोडली आणि ठेकेदाराच्या मागे फिरत फिरत तामिळनाडूतल्या एका फ्रीजच्या कारखान्यात पोचलो. तिथली भाषा मला अजून भात आणि पाणी मागण्यापुरतीच येते. माझं काम असं की फ्रीज तयार होऊन पुढे सरकत आला की त्याच्या दारावर ती स्टारची चिठ्ठी चिकटवायची, सरळ, बुडबुडा न राहू देता, अंगठ्याने दाबून. गावाकडे मी हे कुणाला सांगत नसे. "कंपनीत आहो" एवढंच सांगायचो, कारण चिठ्ठ्या चिकटवायला इतक्या लांब गेला, असं कुणी म्हणेल ही धास्ती. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत ताईला भेटायला गेलो तेव्हा काकाजींनी मात्र खोदून खोदून विचारलं आणि मी सांगून टाकलं. ते बाजेवरून उठून उभे राहिले. "सगळ्यात शेवटी चिकटवता?" मी म्हटलं, "हाव, पॅकिंगच्या आधी." त्यांनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे सही यांची असते." त्या दिवसापासून ते माझी ओळख "आमचे पाहुणे, देशातल्या फ्रीजवर यांचा अंगठा आहे" अशी करून देतात. हसणारे हसतात. पण ते स्वतः हसत नाहीत, आणि नववी सोडलेल्या माणसाला त्याचं मोल काय असतं ते मी इथे लिहीत बसत नाही. खराब झालेली एक चिठ्ठी मी त्यांना नमुना म्हणून दिली. तिच्यावरून त्यांनी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून, निळ्या शाईने अर्धगोल काढून घरांसाठी चिठ्ठ्या तयार केल्या. मीटरशेजारी, डिंकाने, बुडबुडा न राहू देता ते त्या लावतात. ती पद्धत मी शिकवली.

आता हिशेबाची गोष्ट. भिंत, छत, हवा, सावली यांचे गुण वेगळे. पण शेवटचा आणि मोठा गुण असतो तो युनिटचा. महिन्याला जळालेले युनिट भागिले घरातली डोकी. आमच्या कारखान्यातल्या एका इंजिनियरने मला सांगितलं होतं की घरांचं असं मोजमाप खरोखरच करतात, पण ते चौरस फुटाने भागतात. मी मोठ्या उत्साहाने काकाजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "चौरस फुटाले घाम येते का? घाम माणसाले येते. भागायचं तं माणसानं भागा." त्यामुळे ते घरात शिरले की आधी विचारतात, माणसं किती. रोहिणखेडच्या एका आजीबाईला वाटलं, घरकुलाची चौकशी आली. तिने तीन मुलगे, सुना, नातवंडं सगळी 'वेगळी राहतात' म्हणून सांगून टाकली आणि घरात मी आणि म्हातारा एवढंच म्हणाली. युनिट अकरा माणसांचे, डोकी दोन. काकाजींनी हळहळत एक स्टार दिला. खरी गोष्ट कळल्यावर आजीबाईने पुढच्या खेपेला उलटं केलं. अर्ध्या गल्लीची पोरं आणून ओसरीत बसवली. काकाजींनी सगळी मोजली आणि वहीत लिहिली, फक्त एका पोराला "तू मागच्या घरातही होता ना बे?" असं विचारल्यावर सगळा डाव फुटला. शेळीचं काय, असं कुणीतरी चिडवायला विचारलं, तर त्यावरही त्यांचा नियम तयार होता. शेळी पंख्याखाली बसत असेल तर अर्धं डोकं, नाहीतर नाही.

बसस्टँडजवळच्या चहावाल्याने एकदा मोठ्या हौसेने पाच स्टारचा फ्रीज आणला आणि काकाजींना तो दाखवायला आपल्या घरी नेलं. घर तीन बाजूंनी टिनाचं, फ्रीज पश्चिमेच्या टिनाला टेकवलेला. काकाजींनी फ्रीजच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पहिलवान चांगला आणला, पण भट्टीत उभा करून कुस्ती लढवून राह्यले." फ्रीज हलवून पूर्वेला आणल्याशिवाय त्यांनी त्याचं पाणी घेतलं नाही. तहान लागली होती, हे ते स्वतःच सांगतात.

इतके दिवस हे सगळं माझ्यासाठी मौजेचं होतं. मग एका वैशाखात माय त्या टिनाच्या घरात भर दुपारी चक्कर येऊन पडली. ताई तोवर भावजींच्या बदलीमुळे पुण्याला गेली होती, माय एकटीच. शेजारणीने पाणी मारून, कांदा लावून तिला शुद्धीवर आणलं. मला फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या थंड हॉलमध्ये होतो. पुढचा उन्हाळा मायने त्या टिनाखाली काढायचा नाही, एवढं एकच त्या दिवशी मनात पक्कं झालं. जुनं घर पाडून त्याच जागी नवीन बांधायचं ठरलं. मला सुट्टी नव्हती. मायवर, गावातल्या रफिकमिस्त्रीवर आणि दोन एसट्या बदलून येणाऱ्या काकाजींवर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नव्हता. मी फक्त एक मागणी केली होती. आमच्या कारखान्याच्या पाहुण्यांच्या बंगल्याला आहेत तशा दोन मोठ्या काचेच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला हव्यात. तसं नकाशावर काढूनही पाठवलं. दुसऱ्याच दिवशी काकाजींचा फोन.

"पाहुणे, पश्चिमेले काच काऊन लावून राह्यले?"

"रस्ता तिकडंच आहे, काकाजी. उजेड येईन. दिसायलेही बरं."

"सूर्यही तिकडंच बुडते. मायले घर बांधून राह्यले का लोणचं मुरवायची बरणी?"

काच गेली. काकाजींना तर पश्चिमेला खिडकीच नको होती. पण तिथे माय आडवी आली. "रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं, ते मले दिसलं पाह्यजे. नाई तं त्या थंड घरात मी कोणाशी बोलू?" तीन दिवस काकाजी वहीत रेघोट्या ओढत राहिले. मग लाकडी दारांची लहान खिडकी आणि तिच्यापुढे कवेलूची, म्हणजे कौलांची, ओसरी, असं ठरलं. वहीत त्यांनी वेगळी नोंद केली: 'माणूस पाहण्यासाठी एक खिडकी. गुण कापू नयेत.' भिंत पंधरा इंची झाली. खामगावच्या फरशीच्या दुकानांमागून रफिकमिस्त्रीने फुटक्या पांढऱ्या फरश्या पोत्याने आणल्या आणि छतावर तुकडा तुकडा बसवला, म्हणजे ऊन वरच्या वर परत जावं. काकाजी रोज भिंतीला गाल लावत आणि मिस्त्री म्हणे, "काकाजी, दाढी करून येत जा. माह्या गिलाव्याले ओरखडे पडून राह्यले." काकाजी दुसऱ्या दिवशी खरंच दाढी करून आले.

माय माघात त्या घरात राहायला गेली आणि फाल्गुनात काकाजींनी लावलेल्या चिठ्ठीचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. चार स्टार निळ्या शाईने भरलेले. पाचवा नुसता पेन्सिलीने काढलेला, आतून कोरा.

ज्याने लाखभर चिठ्ठ्या चिकटवल्या असतील त्याला कोऱ्या स्टारचं भय इतरांपेक्षा जास्त असतं. एक स्टार कमी म्हणजे कुठेतरी ऊन शिरतं आहे, आणि उन्हाळा तोंडावर होता. मी काकाजींना फोन केला. "काम बाकी आहे थोडं," ते म्हणाले. कोणतं, विचारलं तर "तुमच्याकडचं आहे" म्हणाले आणि रोहिणखेडच्या कुणाच्या तरी कवेलूंबद्दल बोलत राहिले. मला वाटलं, मी हट्ट धरून एखादी गोष्ट बिघडवली असणार. रफिकमिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "अरे भाऊ, पंधरा इंची भिंत देली, वर पांढरी फरशी देली, खाली ओसरी देली. अब किल्ला बांधू का बे?" मायला विचारलं की दुपारी कुठली भिंत तापते, तर ती म्हणाली, "मले काई गरम नाई होत. तूच तिकडं तापून राह्यला." तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. उभ्या चैत्रात मी फ्रीजच्या पाचव्या स्टारवर अंगठा जरा जास्तच वेळ ठेवत असे, इतका की सुपरवायझरने दोनदा हटकलं.

वैशाख लागता लागता पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली. घरी पोचलो, मायला डोळे भरून पाहिलं, भर दुपारी पश्चिमेच्या भिंतीला स्वतःचा गाल लावला. भिंत माठासारखी गार. दुसऱ्या दिवशी मी तडक धामणगाव बढेला गेलो. काकाजींचं घर मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो. जुनं धाब्याचं घर, मातीचं जाड छत, पूर्वेला आणि उत्तरेला झरोके, पश्चिमेला बदामाचं झाड. या घराला पाचाहून कमी स्टार देणारा माणूस जन्माला यायचा आहे. काकाजी आत चहा ठेवत होते तेवढ्यात मी मीटरजवळ गेलो. तिथे एकाखाली एक चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, दर वर्षीची एक. वरच्या दोन पाच स्टारच्या. मग चार. मग तीन. सगळ्यात खालची एक स्टारची.

मी घाबरून भिंतीकडे पाहिलं. भेग नव्हती, ओल नव्हती. ते कपबशा घेऊन आले तेव्हा विचारलं, "काकाजी, भिंतीले काई झालं का?"

"भिंतीले काय होते?" ते म्हणाले. मग कपबशी खाली ठेवून त्यांनी एकेका चिठ्ठीवर बोट ठेवलं, मीटर वाचून दाखवावं तसं. "ही, लहान पोरीचं लग्न झालं तेव्हाची. ही, तुमची ताई अन् भावजी पुण्याले गेले तेव्हाची. ही तुमची काकू गेली त्या सालची." खालच्या चिठ्ठीवर ते थांबले नाहीत. "घर मोठं. पंखे तेच, बल्ब तेच. युनिट फारसे कमी होत नाईत. भागायले डोकं एक."

"मंग पुण्याले काऊन जात नाई? ताई किती बोलावते."

"तिकडं गेलो तं त्यांच्या घराचा स्टार वाढन. ह्या घराले कुलूप. कुलपाच्या घराचे युनिट शून्य. शून्याले काय स्टार देऊ?" त्यांनी बशीत चहा ओतला आणि पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुमच्या मायच्या घरात खोट नाई, पाहुणे. भिंत पास, छत पास, हवा पास. पंखा एकच म्हणून चार तरी बसले, पण एक डोकं कमी आहे. म्हणून पेन्सिलीनं ठेवला. खोडायचा जीव झाला नाई, भरायचाही नाई."

मी कपबशा उचलून आत नेल्या आणि विसळून ठेवल्या.

चार दिवसांनी ते पिंपळगावला आले. मीटरचा आकडा वहीत घेतला आणि पुन्हा आठ दिवसांनी घेतला. आठ दिवस एकाच पंख्याखाली आम्ही दोघं मायलेक जेवलो, बसलो, झोपलो. काकाजींनी ओसरीत बसून भागाकार केला, दोनने. मग खिशातून पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं आणि तशीच धरून बसले. मी दुसऱ्या दिवशी निघणार होतो, हे त्यांना माहीत होतं. माय खिडकीपाशी उभी होती. ती म्हणाली, "भरून टाका ना, काकाजी. येतेच तो परत."

"कधी येता?" त्यांनी मला विचारलं.

"दिवाळीले."

त्यांनी पेन्सिल पिशवीत टाकली, शाईचं पेन काढलं आणि पाचवा स्टार हळूहळू, रेघेबाहेर न जाऊ देता भरला. फुंकर घालून वाळवला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "अंगठा." मी पुढे होऊन चिठ्ठीच्या कडा अंगठ्याने दाबून बसवल्या.

दिवाळीला कारखान्यात माल जास्त होता, सुट्टी मिळाली नाही. मी आधी काकाजींना फोन केला, मायला नंतर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शाई आहे. आता काय करता येते." मग म्हणाले, "जेवण टायमावर करत जा." त्यांच्या सगळ्या वह्यांत एवढा एकच आकडा खोटा आहे, आणि तो आम्हा तिघांना ठाऊक आहे. मी आता उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्ज देऊन ठेवला आहे. माय सांगते, काकाजी महिन्यातून एकदा तरी येतात, चहा घेतात, ओसरीत बसून तिच्याशी बोलतात, निघताना पश्चिमेच्या भिंतीला गाल लावतात. मीटरजवळच्या त्या चिठ्ठीकडे मात्र पाहत नाहीत.